अल्प उपाय व समूळ उपाय

“पिशवी काढून टाका आणि एकदाच्या मोकळ्या व्हा,” हे वाक्य आमच्या बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यात काही विचार करण्याजोगे आहे अशी शंकाही कोणास येत नाही. सासू सुनेस ते सांगते, शेजारीण शेजारणीस सांगते, पुष्कळदा नवरा बायकोस सांगतो, आणि काही ठिकाणी ज्याने हा सल्ला सर्वांत उशिरा द्यावा तो डॉक्टरच सर्वांच्या आधी देऊन बसतो. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या स्त्रीस महिन्याच्या महिन्यास फार अंगावर जाऊ लागते, तपासणीत गर्भाशयात गाठी दिसतात, आणि आठ दिवसांच्या आत गर्भाशय शरीराबाहेर निघते. या वाक्यातील ‘मोकळे होणे’ म्हणजे नेमके कशापासून मोकळे होणे, आणि ते किती किमतीस, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, नीतिशास्त्राचा आहे असे आम्हांस वाटते. म्हणूनच वैद्यकाची पदवी नसताही आम्ही त्याचा विचार करण्याचे योजिले आहे.

असा विषय कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात यावा काय, अशी शंका अजूनही काही वाचकांच्या मनात येईल. त्यांस एवढेच स्मरण द्यावेसे वाटते की रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले सोसले आणि १९५३ साली देहावसान होईपर्यंत ते चालविले. त्याच्याही पूर्वी आनंदीबाई जोशी यांनी परदेशी जाऊन वैद्यकी शिकण्याचे जे कारण दिले, ते हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची निकड आहे हेच होते. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ लोटला. स्त्रीचे दुखणे ऐकून घेणारे वैद्य आता गावोगाव झाले. परंतु त्या दुखण्याविषयी घरात मोकळेपणाने बोलण्याची रीत काही पडली नाही. जेथे बोलणे होत नाही तेथे विचारही होत नाही, आणि जेथे विचार होत नाही तेथे निर्णय दुसराच कोणी करून जातो. संकोचाची ही किंमत आहे, आणि ती संकोच बाळगणारा पुरुष देत नाही.

प्रथम वस्तुस्थिती काय ती पाहू. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते व त्या स्नायूंच्या ज्या गाठी वाढतात त्यांस फायब्रॉइड म्हणतात. त्या मोहरीएवढ्याही असतात व टरबुजाएवढ्याही होतात. पुष्कळ स्त्रियांस त्या असतात आणि त्यांपैकी बहुतेकींस जन्मभर त्यांचा पत्ताही लागत नाही. गाठ किती मोठी यापेक्षा ती कोठे आहे यावर त्रास अधिक अवलंबून असतो. बाहेरच्या बाजूस वाढणारी मोठी गाठ निमूट राहते, तर आतल्या पोकळीत डोकावणारी बोराएवढी गाठ स्त्रीस रक्तहीन करून सोडते. या गाठी स्त्री-संप्रेरकांवर पोसल्या जातात; यास्तव पाळी कायमची गेली म्हणजे त्या बहुधा आपोआप आक्रसतात. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत, आणि त्यांचा कर्करोग होणे ही अत्यंत विरळा गोष्ट आहे. या शेवटच्या विधानाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

रक्त जाणे ‘फार’ केव्हा म्हणावयाचे? वैद्यकाने यासाठी बराच काळ एक माप धरले होते: एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेल्यास ते अतिरिक्त. परंतु घरोघरी मोजपात्र घेऊन कोण बसतो? २००७ साली ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शिकेने हे माप बाजूस ठेवले आणि असे ठरविले की ज्या रक्तस्रावाने स्त्रीच्या शरीराच्या, मनाच्या वा नित्याच्या जीवनात व्यत्यय येतो तो अतिरिक्त समजावा. वरवर हा केवळ व्याख्येतील फेरफार वाटेल. पण तत्त्वदृष्ट्या तो फार मोठा आहे. दुखण्याचा निवाडा मोजपात्राने न करता ज्या देहात ते दुखणे आहे त्या देहाच्या धनिणीने करावा, असे शास्त्राने कबूल केले. आणि आमच्याकडे हे दुखणे क्षुल्लक मानता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात शेकडा ५७ व महाराष्ट्रात शेकडा ५४ जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. आधीच रिती होत आलेली घागर दरमहा आणखी पाझरावी, असा हा प्रकार. तेव्हा “बाईमाणसाला एवढे चालायचेच” असे म्हणणारा आणि “पिशवी काढून टाका” असे म्हणणारा, हे दोघेही एकाच चुकीची दोन टोके आहेत. पहिला ऐकूनच घेत नाही. दुसरा पुरते ऐकण्याच्या आत उत्तर देतो.

या दोन टोकांच्या मध्ये उपायांची एक चांगली शिडी उभी आहे. पहिली पायरी लोहाच्या गोळ्यांची व रक्त थोपविणाऱ्या औषधाची. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड या नावाचे औषध जपानातील उताको व शोसुके ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने शोधिले व त्याची वार्ता १९६२ साली प्रसिद्ध झाली. ते पाळीच्या दिवसांपुरतेच घ्यावयाचे असते. दुसरी पायरी गर्भाशयात बसविण्याच्या संप्रेरकयुक्त साधनाची. फिनलंडमध्ये ते १९९० साली प्रथम वापरात आले, व ज्यांच्या गाठींनी आतील पोकळी वेडीवाकडी केलेली नाही अशा पुष्कळ स्त्रियांचा रक्तस्राव त्याने वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. तिसरी पायरी दुर्बिणीची. पोकळीत डोकावणारी गाठ योनिमार्गानेच दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न घेता, तासून काढता येते. भिंतीतील गाठी पोट उघडून किंवा दुर्बिणीतून नेमक्या तेवढ्याच काढून गर्भाशय पूर्ववत शिवता येते. चौथा मार्ग रक्तवाहिनीचा: जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून एक बारीक नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने गर्भाशयाच्या रोहिण्यांपर्यंत नेतात व वाळूसारखे सूक्ष्म कण सोडून गाठींचा रक्तपुरवठा तोडतात. गाठी उपासमारीने आक्रसतात. गर्भाशय मात्र दुसऱ्या वाटांनी येणाऱ्या रक्तावर जगते.

या शेवटच्या उपायाचा जन्म मोठा बोधप्रद आहे. फ्रान्समधील डॉ. राव्हिना व त्यांचे सहकारी हे कण प्रारंभी सोडीत असत ते पुढील शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे एवढ्याचसाठी. पण पुढे असे दिसले की कित्येक स्त्रियांची तक्रारच थांबली आणि ज्या शस्त्रक्रियेची ही पूर्वतयारी होती तिचीच गरज उरली नाही. १९९५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मोठ्या उपायाच्या वाटेवर क्षणभर थबकल्यामुळे लहान उपाय सापडला, असे या गोष्टीचे सार आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की लहान उपाय निर्दोष नाहीत. रोहिणी बंद केल्यावर पहिले काही तास तीव्र वेदना होतात. ज्या स्त्रीस पुढे मूल हवे आहे तिच्यासाठी तो पहिला पर्याय समजला जात नाही. आणि नेदरलंडमध्ये ज्यांच्यावर हा उपाय झाला अशा स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घेतला तेव्हा सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांस अखेरीस गर्भाशय काढावेच लागले, असे आढळले. उलट बाजूने पाहिल्यास सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांचे ते वाचले. नेमक्या काढलेल्या गाठींच्या जागी नव्या गाठी येऊ शकतात. समूळ उपाय खरोखर समूळ आहे. गर्भाशयच नाही तेथे गाठही नाही व पाळीही नाही. त्याच्या बाजूने जे खरे आहे ते आम्ही नाकारीत नाही.

मग आक्षेप कशास? समूळ उपायाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद नेहमी केला जातो तो असा: “मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय?” हा युक्तिवाद आम्हांस मुळातच सदोष वाटतो. त्यात स्त्रीचे शरीर म्हणजे अवजारांची पेटी व गर्भाशय म्हणजे तीतील एक काम संपलेले अवजार अशी कल्पना गृहीत धरलेली आहे. पण मनुष्य आपल्या देहाचा वापर करीत असला तरी तो देहाचा केवळ वापरकर्ता नाही. तो त्या देहात राहतो. घरातील ज्या खोलीत आज कोणी निजत नाही ती खोली पाडावी असे आपण म्हणत नाही; निदान ती पाडल्याने शेजारच्या भिंतींस काय होईल ते आधी पाहतो. येथेही शेजारच्या भिंती आहेतच. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढून टाकण्याची जी सवय पुष्कळ ठिकाणी पडली आहे, तिच्यामुळे तिशी-पस्तिशीच्या स्त्रीवर एका दिवसात वार्धक्यातील स्थिती येते. हाडे लवकर झिजतात व हृदयविकाराचा संभव वाढतो. बीजांडकोश राखले तरी ते अकाली थकण्याचा संभव उरतोच. ‘उपयोग नाही’ हे वाक्य पुष्कळदा ‘आम्हांस उपयोग ठाऊक नाही’ याचेच दुसरे रूप असते.

परंतु याच्या उलट टोकासही आम्ही जाऊ इच्छीत नाही. गर्भाशय म्हणजे स्त्रीत्वाचे देवघर, ते गेले की स्त्री अपुरी झाली, असे म्हणणारेही आहेत. हा विचार दिसण्यात आदराचा असला तरी पहिल्याचाच जुळा भाऊ आहे. कारण दोघेही स्त्रीचे मोल एका अवयवावरून ठरवितात. सेहेचाळीस वर्षांची एखादी स्त्री, औषधे करून पाहून, पर्याय समजावून घेऊन, “मला आता हे नको” असे शांतपणे म्हणत असेल, तर तिला अडविण्याचा अधिकार ना डॉक्टरास ना कुटुंबास. तिचे गर्भाशय जाईल. तिच्या मनुष्यपणात तिळाइतकीही उणीव येणार नाही.

या संदर्भात दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. लंडनचे प्रसिद्ध शल्यवैद्य व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचे गर्भाशय गाठींमुळे विवाहानंतर लवकरच काढावे लागले व ते दांपत्य निपुत्रिक राहिले. पुढे बॉनी यांनी आयुष्याचा मोठा भाग गाठी तेवढ्या काढून गर्भाशय राखण्याच्या शस्त्रक्रियेस वाहिला. त्या काळी ती कठीण व रक्तमय समजली जात असे. दुसरे उदाहरण आमच्याकडचे. मूळचे गोव्याचे व मुंबईत नावारूपास आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव गर्भपात टाळणाऱ्या टाक्यामुळे जगभर झाले हे सर्वश्रुत आहे. पण अंग बाहेर येण्याच्या विकारात, जेथे इतर ते काढूनच टाकीत, तेथे ते आतून बांधून जागच्या जागी राखण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसविली. मुंबईतच पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी अशीच दुसरी शस्त्रक्रिया निघाली. काढून टाकणे हे कौशल्याचे परमोच्च शिखर नव्हे, राखणे हे त्याहून अवघड काम आहे, ही जाणीव मुंबईच्या वैद्यकास फार पूर्वीपासून होती असा याचा अर्थ.

एवढ्यावरून एक नियम मांडता येईल. जेथे दोन उपायांनी दुःख सारखेच निवारले जाते तेथे ज्यात हानी कमी तो उपाय प्रथम करावा, आणि मोठ्या उपायाची बाजू मांडण्याचा भार मोठा उपाय सुचविणाऱ्यावर असावा. राजाने लहान दंडाने भागत असता मोठा दंड करू नये, हे जसे राजनीतीत, तसेच हे वैद्यकनीतीत. परंतु ‘कमी’ हा शब्द फसवा आहे. कमी म्हणजे कोणत्या मापाने कमी? आज शहरोशहरी रुग्णालयांच्या पाट्यांवर “दुर्बिणीद्वारे, बिनटाक्याचे, लहान छिद्रातून” अशी अक्षरे झळकतात. त्या लहान छिद्रातून कित्येकदा संपूर्ण गर्भाशयच बाहेर काढले जाते. जखमेच्या लांबीचे माप घेतले तर हा उपाय अल्प. गमावलेल्या वस्तूचे माप घेतले तर तो समूळच. घराची भिंत न फोडता कुलूप उघडून सर्व चीजवस्तू नेली तर चोरी लहान ठरत नाही. आम्ही दुर्बिणीस दोष देत नाही. तिने वेदना, रक्तहानी व अंथरुणावरचे दिवस खरोखरच कमी केले. पण छेद लहान झाला म्हणजे निर्णयही लहान झाला असे मानण्याची जी चूक होते, ती मात्र दाखविलीच पाहिजे. साधन जितके सुलभ, तितका विचार अधिक लागतो. कारण जखमेच्या भीतीने जो विचार पूर्वी आपोआप होत असे तो आता होत नाही.

आता या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप पाहू. बार्शीच्या उत्तरेस व ईशान्येस बीड व धाराशिव हे जिल्हे पसरले आहेत. तेथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, मुकादम त्यांस आगाऊ ‘उचल’ देतो, आणि एखादा दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर वाहणे चुकत नाही. २०१९ साली या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची वार्ता बाहेर आली तेव्हा राज्य सरकारने विधानपरिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शेकडा सुमारे १७. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते. वयोगट सर्वस्वी सारखे नसल्यामुळे हे दोन आकडे काट्यावर तोलता येत नाहीत. पण तफावत डोळ्यांत भरण्याइतकी आहे. पुष्कळींवर ही शस्त्रक्रिया चाळिशीच्या आतच झाली होती, आणि बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत, कित्येकदा मुकादमाकडून कर्ज काढून झाल्या होत्या.

या स्त्रियांनी संमती दिली होती काय? कागदावर बहुतेकींचा अंगठा किंवा सही होतीच. आणि नुसता हिशेब मांडला तर त्यांचा निर्णय वेडगळही नव्हता. दर महिन्याचा खाडा वाचतो, फेऱ्या वाचतात, गोळ्यांचा खर्च वाचतो. त्यांच्या मापाने समूळ उपाय हाच ‘अल्प’ उपाय होता. येथेच आमचा वरचा नियम अपुरा पडतो. उपायांची तुलना करताना आपण स्त्रीची परिस्थिती स्थिर धरतो, जणू खाडा, उचल व आडोसा नसलेला फड ही पंचमहाभूतांसारखी निसर्गसिद्ध आहेत. पण ती मनुष्यांनी निर्माण केली आहेत. ज्या व्यवस्थेत पाळीच्या चार दिवसांची रजा देण्यापेक्षा गर्भाशय काढणे स्वस्त पडते, त्या व्यवस्थेत रोगी कोण व शस्त्रक्रिया कोणावर करावयास हवी, याचा विचार आमच्यासारख्यांनी, म्हणजे ज्यांच्या सकाळच्या चहात ती साखर पडते त्यांनी, करावयास नको काय? संमती खरी असावयाची तर ‘नाही’ म्हणणेही परवडले पाहिजे. ज्यास नकार परवडत नाही त्याचा होकार म्हणजे संमती नव्हे. ती शरणागती होय.

दारिद्र्याखालोखाल संमतीचा दुसरा शत्रू भीती. “आता काढली नाही तर कॅन्सर होईल” एवढे एक वाक्य शेकडो शस्त्रक्रिया घडवून आणते. वर सांगितल्याप्रमाणे साध्या गाठींच्या बाबतीत ही भीती जवळजवळ निराधार आहे. आणि बार्शीच्या माणसास ती निराधार आहे हे कळण्यास दूर जावयास नको. याच गावी १९८७ साली बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन मोठा प्रयोग केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या विषाणूची एकदाच केलेली तपासणी, व दोष आढळल्यास केलेले उपचार, यांनी त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. म्हणजे खऱ्या भीतीचे उत्तर काय असते हे या खेड्यांनीच जगास शिकविले: एक तपासणी, आणि गरज असेल तेथे नेमका उपचार. भीती दाखवून अवयव काढणे हे त्याचे उत्तर नव्हे. चाळिशीनंतर अनियमित रक्त गेल्यास, अथवा पाळी गेल्यावर पुन्हा दिसल्यास, आतील अस्तराची तपासणी जरूर व्हावी. ती टाळणे हा दुसरा प्रमाद. पण तपासणीच्या जागी भीती बसविणे हा वैद्यकाचा अपमान होय.

कायद्याने या बाबतीत आता काही पावले उचलली आहेत. डॉ. नरेन्द्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच शस्त्रक्रियांविषयी याचिका दाखल केली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, व एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांनी ती तीन महिन्यांत अंगीकारावी असा आदेश दिला. बीड जिल्ह्यात तर २०१९ सालीच खासगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असे ठरले. यावर एक आक्षेप येतो व तो विचारात घेण्याजोगा आहे: प्रौढ स्त्रीने आपल्या देहाविषयी घेतलेल्या निर्णयास सरकारी अधिकाऱ्याचा शिक्का कशास? आक्षेप खरा आहे. नवऱ्याची सही जाऊन अधिकाऱ्याची सही आली, एवढ्याने स्त्री स्वतंत्र होत नाही. तथापि आमच्या मते ही परवानगी स्त्रीवर नसून शस्त्रक्रिया करणाऱ्यावर आहे असे समजल्यास तिचे समर्थन होऊ शकते. तिने डॉक्टरास विचारावे की तुम्ही कोणते उपाय केले व कोणते सांगितले; स्त्रीस मात्र तिने ‘तू का ठरविलेस’ असे विचारू नये. पहारा दुकानावर असावा, गिऱ्हाइकावर नव्हे.

शेवटी व्यवहाराचा प्रश्न. कोणी म्हणेल, रोहिणीत नळी घालणारे तज्ज्ञ व त्यांची यंत्रे तालुक्याच्या गावी कोठून आणावयाची? जेथे पर्यायच नाहीत तेथे पर्यायांची चर्चा हा शहरी विलास नव्हे काय? यास आमचे उत्तर असे की ‘आमच्याकडे नाही’ आणि ‘जगात नाही’ या दोन वाक्यांतील भेद सांगणे हे डॉक्टराचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्यास कोणतेही यंत्र लागत नाही. स्त्रीस पुण्या-मुंबईस जाणे न जमले तर न जमो. पण न जमणे तिला कळू तरी द्या. शिवाय शिडीच्या खालच्या पायऱ्यांस तज्ज्ञ लागतोच असे नाही. लोहाची गोळी, रक्त थोपविणारे औषध हे कोणत्याही गावी मिळणारे आहे, आणि जो हात तांबी बसवू शकतो तो संप्रेरकाचे साधनही बसवू शकतो. सर्वांत वरच्या पायरीवर थेट उडी मारण्याचे कारण खालच्या पायऱ्या नाहीत हे पुष्कळदा नसते. खालच्या पायऱ्यांवर कोणाची कमाई नाही हे असते.

आमच्या वाचक कुटुंबांकडे यात काही काम येते. आपल्या घरी आई, बहीण, पत्नी किंवा घरकामास येणारी बाई दरमहा चार दिवस फिकट पडून भिंतीस टेकून बसत असेल, तर ‘बायकांचे चालायचेच’ असे म्हणून पुढे जाऊ नये. तिचे रक्त तपासून घ्यावे. तिला शस्त्रक्रिया सांगितली गेली तर चार प्रश्न तिने विचारावेत, व संकोच वाटल्यास बरोबरच्या माणसाने तिच्या वतीने विचारावेत: हा विकार घातक आहे काय, औषधाने काही महिने पाहता येईल काय, गाठ तेवढी काढता येईल काय, येथे नसल्यास कोठे, आणि बीजांडकोश राहणार की जाणार. ही चार उत्तरे मिळाल्यावर ती जो निर्णय करील तो अल्प उपायाचा असो वा समूळ उपायाचा, तो तिचा असेल. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जाण्यास बार्शीत तरी फार चालावे लागत नाही.